ॲबर्डीनशायरमधल्या मराठी मंडळींना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

वेस्टहिल, पोर्टलेथन, स्टोनहेवन, इन्व्हरुरी, एलन, बँकरी अशा गावांत राहणाऱ्या आणि कुणी विचारलं की "आम्ही ॲबर्डीनला असतो" असं सांगणाऱ्या सगळ्यांसाठी हे पत्र आहे. पुण्यातल्या मावशीला सांगताना ते चालतं. पण कारभाराच्या हिशेबात आपण ॲबर्डीनमध्ये राहत नाही. आपला कौन्सिल टॅक्स ॲबर्डीन शहराला जात नाही, आपल्या मुलांच्या शाळा ते शहर चालवत नाही आणि हिवाळ्यात आपल्या रस्त्यांवर मीठ टाकणारी गाडीही त्याची नसते. हे सगळं ॲबर्डीनशायर कौन्सिल करतं. पुणे महानगरपालिका आणि पुणे जिल्हा परिषद या दोन वेगळ्या संस्था आहेत हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. मग इथं इतकी वर्षं राहून हा फरक आपल्या अंगवळणी का पडू नये?

आपल्याला माहीत असलेली विभागणी मात्र इथं नाही. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका अशी उतरंड स्कॉटलंडमध्ये उरलेली नाही. संपूर्ण देशात ३२ कौन्सिलं आहेत आणि प्रत्येक कौन्सिल आपल्या हद्दीतलं जवळजवळ सगळं काम एकट्यानं पाहतं: शाळा, रस्ते, कचरा, ग्रंथालयं, बांधकाम परवानग्या, कौन्सिलची घरं, म्हाताऱ्या माणसांची देखभाल. आपल्या कौन्सिलची हद्द सुमारे ६,३०० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्यापेक्षा मोठी आणि रत्नागिरीपेक्षा लहान. लोकसंख्या मात्र साधारण दोन लाख साठ हजार. एवढ्या मुलखासाठी १९ वॉर्ड आणि ७० कौन्सिलर. आणि या कौन्सिलचं मुख्यालय, वुडहिल हाऊस, कित्येक दशकं ॲबर्डीन शहरात, म्हणजे स्वतःच्याच हद्दीबाहेर होतं.

आधी या मुलखाबद्दल थोडं सांगतो, कारण तो डोळ्यांसमोर असल्याशिवाय कारभार कळत नाही. पश्चिमेला केअर्नगॉर्म पर्वतरांग आहे. तिथलं बेन मकडूई हे १,३०९ मीटर उंचीचं शिखर ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकाचं. डी नदीचे झरे बाजूच्याच ब्रेरीआखच्या माथ्यावर, बाराशे मीटरच्याही वर आहेत. ब्रेमार, बॅलटर, बँकरी करत ती शहरात समुद्राला मिळते. तिच्या उत्तरेला डॉन, मग ईथन, मग डेव्हरॉन. पर्वत संपले की गीरी आणि फॉरमार्टिनची शेतजमीन लागते. गीरीचं स्पेलिंग वाचून कुणीही "गॅरिऑख" म्हणेल, पण इथला माणूस ते गीरी असंच म्हणतो. शेवटी बुकनचा किनारा, उघडा आणि वाऱ्याचा. तिथली पीटरहेड आणि फ्रेझरबरा ही दोन बंदरं मासळीवर उभी राहिली, आणि पीटरहेडचा मासळीबाजार आजही ब्रिटनमधल्या सर्वांत मोठ्यांपैकी आहे. फ्रेझरबऱ्याच्या किन्नेर्ड हेडवर एका जुन्या किल्ल्याच्या छपरावर १७८७ मध्ये दिवा लागला. स्कॉटलंडच्या दीपगृह मंडळाचं ते पहिलं दीपगृह. दक्षिणेला मर्न्सची तांबडी माती, आणि स्टोनहेवनजवळ समुद्रात घुसलेल्या कड्यावरचा डनॉटर किल्ला. इंग्लंडच्या क्रॉमवेलच्या फौजेनं वेढा घातला तेव्हा स्कॉटलंडचा राजमुकुट याच किल्ल्यातून गुपचूप बाहेर काढला आणि किनेफच्या चर्चमध्ये जमिनीखाली पुरून ठेवला होता. गडकोटांच्या वाटा तुडवत वाढलेल्या माणसाला तो किल्ला पाहून काय वाटतं ते तुम्हाला सांगायला नको. तुमच्यापैकी बहुतेकांच्या फोनमध्ये त्याचे फोटो असतीलच.

पण फोटोत न दिसणारी गोष्ट पाण्याची. स्टोनहेवनमध्ये कॅरन नदी २००९ मध्ये गावात शिरली, २०१२ मध्ये पुन्हा शिरली, आणि त्यानंतर कौन्सिलला नदीच्या दोन्ही काठांवर संरक्षक भिंती बांधाव्या लागल्या. ३० डिसेंबर २०१५ ला फ्रँक वादळात डी नदीनं बॅलटर बुडवलं, ब्रेमारकडे जाणारा रस्ता वाहून नेला. १२ ऑगस्ट २०२० ला कारमाँटजवळ अतिवृष्टीनं रुळांवर दगडमाती आली, रेल्वे घसरली आणि तीन माणसं गेली. नोव्हेंबर २०२१ च्या आर्वेन वादळात या भागातली कित्येक घरं आठवडाभर अंधारात होती. तुम्ही घर घेताना गृहकर्जाचा व्याजदर पन्नास वेळा तपासता. पूररेषा कुठून जाते आणि ती कोण आखतं, हेही तितक्याच जागरूकपणे विचारायला हवं. घराजवळच्या नाल्याची मोरी साफ ठेवणं किंवा नव्या वसाहतीला पाण्याच्या वाटेवर परवानगी द्यायची की नाही, हे निर्णय लंडनमध्ये होत नाहीत.

आता बॅन्फबद्दल. डेव्हरॉनच्या मुखाशी वसलेलं हे छोटं गाव आज आपल्या कौन्सिलच्या हद्दीत आहे. ८ जुलै १७८९ ला तिथं जेम्स ग्रँट नावाचा मुलगा जन्मला. पुढे त्यानं ॲबर्डीनच्या मॅरिशल कॉलेजात शिक्षण घेतलं, १८०५ मध्ये कंपनीच्या मुंबई फौजेत भरती झाला, आणि पेशवाई बुडाल्यावर १८१८ ते १८२२ साताऱ्याचा कारभार त्याच्या हातात होता. छत्रपती प्रतापसिंह महाराजांच्या हाती तो कारभार सोपवून, प्रकृती ढासळलेल्या अवस्थेत तो मायदेशी परतला आणि १८२६ मध्ये त्यानं मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत छापला. हाच आपला ग्रँट डफ. त्याच्या निष्कर्षांशी आपले इतिहासकार पुढे कडाडून भांडले, आणि ते भांडण रास्त होतं. तो साम्राज्याचा नोकर होता, आणि हेही विसरायचं कारण नाही. पण त्याच्या ग्रंथाची सुरुवात कशानं होते ते पाहा. आधी सह्याद्री, देश, कोकण, नद्या. मग पाटील, कुलकर्णी, बारा बलुते, गावाचा वसूल. लढाया नंतर येतात. मुलूख समजायचा तर आधी त्याची जमीन आणि त्याचा गावगाडा समजून घ्यायचा, एवढं त्याला कळलेलं होतं. आपण त्याच्याच शायरमध्ये घरं घेतली आहेत. राज्य करायला आपण आलेलो नाही, काम करायला आलो आणि शेजारी म्हणून राहिलो. म्हणून तर हा गावगाडा समजून घेण्याची गरज त्याच्यापेक्षा आपल्याला जास्त आहे.

हा गावगाडा एके काळी खरोखर गावात होता. बॅन्फ, इन्व्हरुरी, किन्टोर ही रॉयल बर्ग होती, म्हणजे राजाच्या सनदेनं स्वतःचा कारभार स्वतः पाहणारी गावं. बॅन्फच्या न्यायालयाची सत्ता केवढी होती, तर १६ नोव्हेंबर १७०० ला त्यांनी जेम्स मॅकफर्सन नावाच्या दरोडेखोराला भर गावात फाशी दिलं. लोक अजून सांगतात की त्याची माफी घेऊन स्वार निघाला आहे असं कळताच गावानं घड्याळ पुढे केलं. गोष्ट खरी असो वा नसो, घड्याळ पुढे करायची ताकद गावाकडे होती हे लोकांनी गृहीत धरलेलं आहे. १८८९ च्या कायद्यानं काउंटी कौन्सिलं आली, १८९४ च्या कायद्यानं गावपातळीवर पॅरिश कौन्सिलं. मग उलटा प्रवास सुरू झाला. १९२९ च्या कायद्यानं पॅरिश कौन्सिलं गेली. १९७५ मध्ये बर्ग आणि काउंट्या दोन्ही मोडीत निघून ग्रँपियन नावाचा मोठा प्रदेश आणि त्याखाली डिस्ट्रिक्ट झाली. १९९६ मध्ये तेही मोडून बॅन्फ अँड बुकन, गॉर्डन आणि किन्कार्डिन अँड डीसाइड ही तीन डिस्ट्रिक्ट एकत्र केली आणि आजचं ॲबर्डीनशायर कौन्सिल जन्माला आलं. कामं एका छत्राखाली यावीत, खर्च वाचावा, ही कारणं होती, आणि ती अगदीच पोकळ नव्हती. पण प्रत्येक सुधारणेगणिक निर्णयाची खुर्ची गावापासून चार मैल लांब सरकली. ज्या बॅन्फला स्वतःचा प्रोव्होस्ट, म्हणजे नगराध्यक्ष होता, स्वतःचा खजिना होता, त्या बॅन्फच्या हाती आज स्वतःचा एक पैशाचाही कर नाही.

सामायिक गोष्ट हातातून कशी जाते हे पाहायचं असेल तर बेनाहीच्या डोंगरावर जा. तुमच्यातले पुष्कळ जण रविवारी त्याच्या मिदर टॅप या शिखरावर चढतातच. माथ्यावर पिक्टिश, म्हणजे इथल्या प्राचीन पिक्ट लोकांच्या काळातल्या दगडी कोटाचे अवशेष आहेत. हा सगळा डोंगर शतकानुशतकं आसपासच्या गावांचं गायरान होता. लोक इथं गुरं चारायचे, जळणासाठी पीट, म्हणजे दलदलीतली जळाऊ माती कापायचे, घरासाठी दगड न्यायचे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही गरीब कुटुंबांनी उतारावर झोपडीवजा घरं बांधली, खडकाळ जमीन साफ करून शेती केली. १८५९ मध्ये आजूबाजूच्या जमीनदारांनी तो डोंगर कायदेशीररीत्या आपसांत वाटून घेतला. तिथं राहणाऱ्यांवर खंड बसला आणि पुढे काहींना घरं सोडावी लागली. त्या घरांच्या भिंतींचे पाये अजून दिसतात. १९७३ मध्ये स्थानिक लोकांनी बेलीज ऑफ बेनाही ही संस्था काढली. ते पायवाटा दुरुस्त करतात, त्या वस्तीचा इतिहास जपतात. पुढच्या वेळी चढताना त्या पायांपाशी दहा मिनिटं थांबा, मुलांनाही दाखवा.

एवढं लांबलेलं कौन्सिल आपल्या हातात कितीसं राहणार, असं तुम्ही म्हणाल. त्यावर मेनीचं प्रकरण आठवा. बाल्मेडीच्या उत्तरेला समुद्रकिनारी फिरत्या वाळूच्या टेकड्या होत्या, वैज्ञानिक महत्त्वाची जागा म्हणून संरक्षित. तिथं डोनाल्ड ट्रंप यांच्या कंपनीला गोल्फची मैदानं, साडेचारशे खोल्यांचं हॉटेल आणि शेकडो घरं बांधायची होती. २९ नोव्हेंबर २००७ ला कौन्सिलच्या पायाभूत सुविधा समितीसमोर अर्ज आला. मतं समसमान पडली. अध्यक्ष मार्टिन फोर्ड यांनी आपलं निर्णायक मत विरोधात टाकलं आणि अर्ज फेटाळला गेला. जगभर गाजलेला हा निर्णय एका स्थानिक कौन्सिलरच्या हातानं झाला. पुढे काय झालं तेही सांगायला हवं. दोन आठवड्यांच्या आत फोर्ड यांना अध्यक्षपदावरून काढलं गेलं, स्कॉटलंडच्या मंत्र्यांनी प्रकरण स्वतःकडे ओढून घेतलं, चौकशी झाली आणि नोव्हेंबर २००८ मध्ये परवानगी मिळाली. मैदान २०१२ मध्ये सुरू झालं. ते साडेचारशे खोल्यांचं हॉटेल काही उभं राहिलं नाही, आणि २०२० मध्ये त्या टेकड्यांचा मोठा भाग संरक्षित यादीतून वगळला गेला, कारण जपायचं जे होतं ते मैदानाखाली गेलेलं होतं.

या प्रकरणात कोण बरोबर होतं यावर आपल्यातही दोन मतं असतील. रोजगार हवा होता म्हणणारे खोटं बोलत नव्हते. मला स्वतःला फोर्ड यांचं मत बरोबर वाटतं. पण मुद्दा वेगळा आहे: समितीत कोण बसतं हे वॉर्डातल्या मतांवर ठरतं, आणि त्या मतांत आपलं मत बहुधा पडलेलंच नसतं. २०२२ च्या कौन्सिल निवडणुकीत अख्ख्या स्कॉटलंडमध्ये ४५ टक्क्यांहून कमी मतदान झालं. एवढ्या कमी मतदानात एखाद्या वॉर्डातली पन्नास मराठी घरं म्हणजे थोडीथोडकी गोष्ट नव्हे.

आत्ताच्या घडीला असाच एक मोठा प्रश्न दारात उभा आहे. किन्टोरपासून दक्षिणेला टीलिंगपर्यंत आणि ब्युलीपासून पीटरहेडपर्यंत ४०० केव्हीच्या वीजवाहिन्या टाकण्याचे प्रस्ताव आहेत. समुद्रातल्या पवनचक्क्यांची वीज दक्षिणेला न्यायची तर तारा लागणार. आणि ज्याच्या शेतातून मनोरे जाणार त्याचा जीव तुटणार. अंतिम परवानगी स्कॉटिश सरकार देतं, पण कौन्सिलचं म्हणणं विचारात घ्यावं लागतं आणि गावोगावच्या कम्युनिटी कौन्सिलांनी यावर रान उठवलं आहे. आता आपल्यातले निम्मे लोक काय काम करतात ते पाहा. तेल आणि वायू, समुद्राखालच्या पाइपलाइन, वीज, प्रकल्पांची जोखीम मोजणं. वेस्टहिलमध्ये तर समुद्रतळाच्या अभियांत्रिकीच्या कंपन्यांची रांगच आहे. पर्यावरण अहवालाचे हजारभर पानांचे खंड वाचून त्यातलं खरं-खोटं सांगू शकणारी माणसं गावच्या बैठकीला हवी असतात आणि मिळत नाहीत. तुम्ही वाहिनीच्या बाजूचे असा किंवा विरोधातले, त्या खोलीत तुमची जागा आहे.

कम्युनिटी कौन्सिल म्हणजे १९७३ च्या कायद्यानं तयार झालेली गावपातळीवरची संस्था. तिला कर लावता येत नाही, घरपट्टी-पाणीपट्टी नाही, कर्मचारी नाहीत. त्यामुळे तिला ग्रामपंचायत म्हणणं चूक ठरेल. पण गावातल्या बांधकाम अर्जांवर तिचा सल्ला घ्यावा लागतो, तिच्या बैठकीला वॉर्डाचे कौन्सिलर येतात, आणि कुणीही रहिवासी जाऊन बसू शकतो. ठिकठिकाणी तिच्या जागा रिकाम्या असतात. निवडणूक घ्यायची वेळच येत नाही, कारण जागांपेक्षा उमेदवार कमी. मी इन्व्हरुरीतल्या अशा बैठकांना जातो. खड्डे, बसचं वेळापत्रक, शाळेसमोरची वाहनं, कुणाच्या तरी घराचा वाढीव मजला, हेच विषय असतात. ज्यांनी लहानपणी ग्रामसभेत आजोबांच्या मांडीवर बसून पाणीयोजनेवरचं भांडण ऐकलं आहे, त्यांना यात काहीच परकं वाटणार नाही. बोली तेवढी डॉरिक, म्हणजे या भागातली स्कॉट्स बोली असते. सुरुवातीला निम्मं कळत नाही. "फिट लाइक?" असं कुणी म्हणालं की तब्येतपाणी विचारतो आहे असं समजा आणि खुशाल मराठी ढंगाच्या इंग्रजीत उत्तर द्या.

मला माहीत आहे, तुमच्यापैकी अनेकांची मनःस्थिती आत्ता बरी नाही. उत्तर समुद्रातलं काम आटतं आहे, नोकऱ्या जात आहेत, कुणी गल्फला निघालं, कुणी परत. "आम्ही इथं किती दिवस आहोत तेच ठाऊक नाही, कशाला या भानगडीत पडायचं?" हा प्रश्न मला नेहमी ऐकू येतो आणि तो खोटा नाही. पण दोन वर्षांसाठी आलेली किती कुटुंबं पंधरा वर्षं राहिली ते आपल्याच दिवाळीच्या कार्यक्रमात मोजा. तुमची मुलगी इथल्या अकॅडमीत, म्हणजे माध्यमिक शाळेत, सहा वर्षं काढते. तिच्या शाळेला संगीताचा शिक्षक मिळणार की नाही, गावचं ग्रंथालय आठवड्यातून किती तास उघडं राहणार, हे दर फेब्रुवारी-मार्चमध्ये कौन्सिलच्या अंदाजपत्रकात ठरतं. कौन्सिलचा बहुतेक पैसा स्कॉटिश सरकारकडून येतो, तो पुरत नाही, आणि मग कात्री कुठे लावायची यावर सल्लामसलत होते. त्या प्रश्नावलीला उत्तर देण्यासाठी नागरिकत्व लागत नाही. शाळांच्या पालक परिषदा २००६ च्या कायद्यानं आहेत. तिथंही आपल्यातल्या आया दिसतात, बाप फारसे दिसत नाहीत.

बाकी राहिला हक्काचा प्रश्न. आपल्याला मतदानाचा अधिकार नाही असं कित्येकांना प्रामाणिकपणे वाटतं. तो आहे. भारतीय नागरिक हा राष्ट्रकुलाचा नागरिक, आणि इथं राहण्याचा वैध परवाना असेल तर ब्रिटिश पासपोर्ट नसतानाही कौन्सिलच्या आणि स्कॉटिश संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं. वय १६ पुरे, म्हणजे तुमच्या दहावी-अकरावीतल्या मुलांचंही नाव यादीत जाऊ शकतं. अनिश्चित काळ राहण्याचा परवाना मिळालेल्या आणि १८ वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला उभंही राहता येतं. आपल्या ७० जणांच्या सभागृहात एखादं मराठी नाव यावं असं मला मनापासून वाटतं, आणि ते बसवण्याइतके कर्तबगार लोक आपल्यात आहेत, बाया तर नक्कीच आहेत.

पुढची कौन्सिल निवडणूक मे २०२७ मध्ये आहे. नोंदणी ऑनलाइन होते, पाच-दहा मिनिटांचं काम आहे. घरातल्या प्रत्येकाची वेगळी नोंदणी करा. नवऱ्याचं झालं म्हणजे बायकोचं होत नाही. कौन्सिलच्या निवडणुकीला ओळखपत्र दाखवावं लागत नाही. मतपत्रिकेवर फुली मारायची नसते: पसंतीच्या क्रमानं १, २, ३ असे आकडे घालायचे, आणि तीन किंवा चार कौन्सिलर एकाच वॉर्डातून निवडून येतात. त्याआधी आपल्या गावच्या कम्युनिटी कौन्सिलची बैठक कधी असते ते पाहा आणि एकदा जाऊन मागच्या रांगेत बसा. एकट्यानं जायला अवघड वाटत असेल तर गीरीतल्यांनी मला सांगावं, पहिल्या वेळी मी सोबत येईन. मर्न्स, फॉरमार्टिन, बुकन आणि मारमधल्यांनी आपापसांत असा एकेक माणूस शोधावा.

आपला,
इन्व्हरुरीत राहणारा एक मराठी शेजारी